ताईंची कपाटं रिकामी करण्याआधी: विश्वस्त मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

संस्थेत वर्षानुवर्षं बिनपगारी राबलेल्या ताई गेल्यानंतरच्या आपल्या सभेत तीन ठराव झाले. दर्शनी भागात अर्धपुतळा बसवावा, सभागृहाला त्यांचं नाव द्यावं, आणि त्यांच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं रिकामी करून ‘कालबाह्य कागदपत्रांचं निर्लेखन’ करावं, म्हणजे ती दप्तरातून काढून रद्दीत द्यावीत. पहिल्या दोन ठरावांना सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, मनोगतं झाली. तिसरा ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्यात आटोपला. हे पत्र त्या तिसऱ्या ठरावाविषयी आहे. संस्थेचं आणि ताईंचं नाव आम्ही मुद्दाम घातलेलं नाही. हाच मजकूर इतर काही संस्थांनाही तंतोतंत लागू पडेल, आणि त्यांनी तो स्वतःला उद्देशून वाचला तर आम्हाला हवंच आहे.

आम्ही संस्थांची जुनी दप्तरं लावणारे आणि कार्यकर्त्यांच्या मुलाखती टिपून ठेवणारे काही जण. ताईंच्या कपाटांची यादी हाती घेतली असताना हा ठराव झाला, म्हणून गप्प बसणं जमलं नाही.

कपाटात काय आहे हे सभेपुढे कुणी मांडलं नाही. आवक-जावक बारनिशी, म्हणजे आलेल्या-गेलेल्या टपालाची नोंदवही. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, म्हणजे संस्थेकडे राहिलेल्या प्रती. साक्षरता वर्गांचे हजेरीपट, बचत गटांच्या वह्या, कुटुंब सल्ला केंद्राच्या फायली, दौऱ्यांच्या रोजनिश्या, दोन डबे भरून कॅसेट, फोटोंची पाकिटं आणि मैत्रिणींची पत्रं. यातलं बहुतेक ‘कालबाह्य’ ठरलं ते हिशेबनिसाच्या नजरेतून. आयकराच्या नियमांत २०२२ पासून धर्मादाय संस्थांनी हिशेबाची पुस्तकं १० वर्षं सांभाळावीत असं आहे. ती कर खात्याने घालून दिलेली किमान मुदत आहे. अकराव्या वर्षी कागद फेकायलाच हवेत असं त्या नियमात कुठेही म्हटलेलं नाही, पण संस्थांमध्ये तो तसाच वाचला जातो. सरकारी अभिलेखांसाठी १९९३ चा केंद्रीय कायदा तरी आहे. खासगी विश्वस्त संस्थेच्या कागदांना त्याचा आधार नाही. तुमचा ठराव हाच त्यांच्यापुरता कायदा.

आता या निर्लेखनातून संस्थेला मिळणार काय तेही मांडू. प्रत्येक कपाटाला पाच फळ्या, फळी साधारण ८० सेंटीमीटरची. म्हणजे दोन्ही कपाटांत मिळून ८ मीटर कागद. फायलींत सैलसर लावलेला कागद मीटरला सात-आठ हजार पानं भरतो आणि त्याचं वजन ३५ ते ४० किलो होतं. एकूण ३०० किलो धरा. रद्दीला किलोमागे १५ रुपये मिळाले तरी ४,५०० रुपये. पुतळ्याच्या अनावरणाला येणाऱ्या पाहुण्यांच्या शाली, श्रीफळं आणि पुष्पगुच्छ एवढ्यात बसतील का, हा हिशेब खजिनदारांवर सोपवतो.

आमची पहिली तक्रार अशी की ताईंचं काम ज्या कागदांत आहे तेच तुम्ही बिनकामाचे ठरवले. रात्रशाळेची वेळ संध्याकाळी सातवरून नऊवर का गेली हे कोणत्याही गौरवग्रंथात नसतं. हजेरीपटात लावणीच्या आठवड्यांतल्या ओळीने पडलेल्या फुल्या पाहिल्या की कळतं. पैसा कुठून आला हे ताळेबंदात ‘देणग्या’ या एका ओळीत उरकलेलं असतं. स्थळप्रती उलटल्या की पाच-पाच आणि दहा-दहा रुपये देणाऱ्या बायकांची नावं, वस्त्या आणि महिने हाती लागतात. रोजनिशीत ‘बस चुकली, मुक्काम’ एवढीच नोंद असते. मुक्काम कुणाकडे, हे त्याच आठवड्याच्या जावक बारनिशीतल्या आभाराच्या कार्डावरून जुळतं. म्हणून या सगळ्या वह्या एकत्र असतील तरच त्यांचा उपयोग. एखादी ‘महत्त्वाची’ वही काढून काचेच्या पेटीत ठेवायची आणि बाकी विकायच्या, हा मधला मार्ग म्हणून सुचवला गेला आहे. त्यात पेटीतली वहीसुद्धा मुकी होते.

स्वयंसेवी काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत हे दुप्पट लागू होतं. पगारी माणसाचं सेवापुस्तक असतं, नेमणुकीचा आदेश असतो, निवृत्तिवेतनाची फाइल असते. बिनपगारी राबलेल्या बाईचं यातलं काहीच नसतं. तिने अमुक वर्षं हे काम केलं याचा पुरावा म्हणजे हजेरीपटाखालची सही आणि व्हाउचरवरचा तिकीटखर्च, बस.

कागद टिकला नाही तर काय होतं याचं उदाहरण फार लांबचं नाही. सावित्रीबाई फुल्यांनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला माहीत आहेत: १८५६ चं, १८६८ चं आणि १८७७ चं. दुष्काळात सत्यशोधक कार्यकर्त्यांनी काय केलं, कुणाला त्रास झाला, हे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत कळतं ते १८७७ च्या जुन्नर भागातल्या ओतूरहून लिहिलेल्या पत्रातून. आणि फातिमा? सावित्रीबाईंच्या या सहकारी मैत्रिणीबद्दल आज भाषणं होतात, वादही होतात. पण सावित्रीबाईंच्या हातचा तिचा उल्लेख शोधायला गेलं की आपण १८५६ च्या ऑक्टोबरमधल्या पत्रापाशी येऊन थांबतो. नायगावला माहेरी आजारी असताना त्यांनी लिहिलं आहे की आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. तेवढंच. ते एक पत्र कुणी रद्दीत घातलं असतं तर मैत्रिणीचा हा एवढा मागमूसही हाती लागला नसता. ताईंच्या कपाटात अशा मैत्रिणींची पत्रं गठ्ठ्यांनी आहेत.

दुसरी तक्रार मैत्रिणींबद्दलचीच. स्मृती समितीत नऊ जण आहेत: आजी-माजी पदाधिकारी, एक लोकप्रतिनिधी, दोन देणगीदार. ताईंबरोबर वस्त्यांत फिरलेल्या, पाळणाघर सांभाळलेल्या, शिबिरात शंभर माणसांचा स्वयंपाक रेटलेल्या बायकांपैकी एकही नाही. दोघींनी मिळून उभं केलेलं काम एकीच्या नावावर जमा होतं ते असंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेलं. ताराबाई १९७३ मध्ये वारल्या. अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे पुढची जवळजवळ दोन दशकं, त्याच कामात होत्या. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच भरणाऱ्या त्यांच्या कुरणशाळेची हकिगत यांतल्या एकीला वगळून लिहून दाखवा. जमणार नाही. अनुताईंनी स्वतः लिहिलं म्हणून त्यांची बाजू तरी आपल्याकडे आहे. तुमच्या संस्थेतल्या ज्या बायकांना लिहिता येत नाही किंवा लिहायची सवय नाही, त्यांची बाजू त्यांच्या आवाजातच घ्यावी लागेल, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत.

ही मुलाखत कशी घ्यायची हेही सांगतो, कारण स्मरणिकेसाठी फोनवर पाच मिनिटं बोलून ‘आठवणी’ गोळा करायला सुरुवात झाली आहे असं कळतं. सर्वांत वयस्क आणि आजारी मैत्रीण पहिली. ओळखीची, सोयीची पहिली नव्हे. बैठक दीड तासाच्या वर नको. पंखा बंद, स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ उतरवलेलं. कॉलरचा माइक हनुवटीखाली एक वीतभर, पदराला घासणार नाही असा लावायचा. रेशमी आणि कडक सुती पदराची खसखस नंतर काढता येत नाही. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं मोठ्याने बोलून ठेवायची. संमतिपत्र दोन प्रतींत. एक त्यांच्याजवळ राहते, आणि कोणता भाग अमुक वर्षांपर्यंत उघड करायचा नाही हे त्यांना त्यावर लिहिता येतं.

प्रश्नांतही गोम आहे. ‘ताई कशा होत्या?’ असं विचारलं की ‘देवमाणूस’ असंच उत्तर येणार. तिथे टेप बंद केली तरी चालेल. त्याऐवजी विचारावं: शिबिराला तांदूळ किती लागायचा? तो आणायचं कोण? पैसे कमी पडले की पहिलं कुणाकडे जायचं? भांडण कशावरून झालं? भांडण विचारायला लोक कचरतात, पण चाळीस वर्षं एकत्र काम केलेल्या बायका एकमेकींशी भांडलेल्या नसतील तर त्या मैत्रिणी कसल्या. दोघींना आधी वेगवेगळं बसवावं, नाहीतर जी बोलकी तीच दोघींचं सांगते. मग एकत्र बसवून फोटो पुढे ठेवावेत. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचं शब्दशः लेखन करायला सहा ते आठ तास लागतात. पंधरा जणींचे प्रत्येकी दीड तास म्हणजे साडेबावीस तासांचं मुद्रण आणि दीडशे तासांच्या आसपास लेखन. हे काम पहिल्या पुण्यस्मरणाच्या आधल्या आठवड्यात होत नसतं.

फोटोंचंही तसंच. पाठीवर बॉलपेनने नावं लिहू नका. दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल, ती नसेल तर वेगळा कागद. मूळ फोटो हाताळायला न देता त्याची मोठी छापील प्रत काढा, चेहऱ्यांना आकडे द्या आणि ती मैत्रिणींपुढे ठेवा.

नावांबाबत एक जादा खबरदारी. आपल्याकडे बाईला दोन नावं असतात, कधी तीन. रमाबाई रानडे माहेरी यमुना होत्या, डॉ. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. बाया कर्वे आधी गोदूबाई आणि मग आनंदीबाई. इतिवृत्तात नुसतं ‘सौ. कुलकर्णी हजर’ असतं, आणि गावात तीन सौ. कुलकर्णी. सूचीत माहेरचं नाव, सासरचं नाव, हाकेचं नाव आणि वस्ती असे चार रकाने ठेवले नाहीत तर एकच बाई तीन ठिकाणी तीन बायका होते, नाहीतर तीन बायका एका नावात विरघळतात. सभागृहाच्या फलकासाठी तयार झालेल्या मजकुरात ताईंचं माहेरचं नाव नाही. त्यांची पहिली बारा वर्षांची पत्रं त्याच नावाने आहेत.

तिसरी तक्रार तातडीची आहे. कुटुंब सल्ला केंद्राच्या फायली यांतल्या दुसऱ्या कपाटात आहेत. मारहाण, टाकून दिलेल्या बायका, कुमारी माता, काही प्रकरणांत आजार. ३०० किलोंत ही पानंही रद्दीवाल्याकडे जाणार, आणि तिथून पुड्या बांधायला. एखाद्या बाईची तक्रार नावगावासह वडापावाखाली आली तर तिने ताईंवर ठेवलेल्या विश्वासाचं काय झालं? एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करण्यावर तर २०१७ च्या कायद्यानेच बंदी आहे. या फायली प्रदर्शनात मांडायच्या नाहीत आणि विकायच्याही नाहीत. त्या वेगळ्या काढाव्या, जाड लिफाफ्यात बंद कराव्या, सूचीत फक्त क्रमांक आणि वर्ष घालावं, नाव नको. किल्ली दोन व्यक्तींकडे, त्यांतली एक सल्ला केंद्रात काम केलेली. काही नष्ट करायचंच ठरलं तर बारीक तुकडे करून लगदा, आणि कोणते क्रमांक, कोणासमोर, कोणत्या तारखेला याची इतिवृत्तात नोंद.

मैत्रिणींच्या पत्रांबद्दल इतकंच: कागद ताईंचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणारीचा, आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या वारसांचा. स्मरणिकेत अख्खी पत्रं छापण्याआधी विचारायला हवं.

चौथी तक्रार कागद ज्या रीतीने हाताळले जात आहेत तिची. खोली रंगवायची म्हणून पहिल्या कपाटाच्या तीन फळ्या बाहेर काढून पोत्यांत भरल्या गेल्या. क्रम मोडला. वहीत दुमडून ठेवलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर वर्गणीची यादी असेल, तर ती कोणत्या पानांत होती यावरूनच तिचं साल ठरतं. पत्रिका वेगळी झाली की यादी बेवारशी. म्हणून फळीला हात लावण्याआधी तिचा फोटो, मग डावीकडून उजवीकडे पेन्सिलने क्रमांक, मग उचलायचं.

पुढच्या गोष्टी कार्यालयातल्या मंडळींना वाचून दाखवाव्यात. टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि लोखंडी क्लिपा गंजून कागद खातात. त्या ओढून न काढता पाठीमागून पाय सरळ करून काढायच्या. रबरबँड उन्हाळ्यात वितळतो आणि पानाला चिकटतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत तो पिवळा पडून निघतो आणि डाग मागे ठेवतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही, आणि सदिच्छेने केलेल्या नुकसानात याचा नंबर पहिला लागेल. फॅक्सचे गुळगुळीत कागद आणि यंत्रातून छापून निघणाऱ्या तशाच पावत्या आपोआप कोऱ्या होतात, त्यांच्या प्रती सर्वांत आधी काढाव्यात. कडुनिंबाचा ओला पाला कपाटात घातल्याने कसर जात नाही, ओल मात्र वाढते. डांबराच्या गोळ्यांनी खोलीत बसणाऱ्याचं डोकं धरतं. कसर दिसलीच तर वही हवाबंद पिशवीत घालून उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. फोटो आणि कॅसेट यांना हा उपाय नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर हवं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशीला वाव मिळतो. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो आत ठेवला की अंदाजाने भांडायला नको.

गुंडाळायला महागडे खोके लागत नाहीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. धुऊन खळ काढलेलं, न रंगवलेलं मांजरपाट तेच काम करतं. लाल खारवा मात्र नको, भिजला की रंग सोडतो.

कॅसेट लावून बघण्याचा मोह आवरावा. आत पांढरी बुरशी दिसत असेल तर ती यंत्रात घालूच नये. चांगल्या असतील तर आधी मागच्या कडेच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडाव्या, म्हणजे चुकून वर काही मुद्रित होत नाही. मग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळून घ्यावी. जतनाची प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात. तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. ऐकण्यासाठी एमपी३ वेगळी. कागदांच्या स्कॅनला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं, फोटोंना ६००. प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. सगळी साठ हजार पानं स्कॅन करा असं आम्ही म्हणत नाही. रोजनिश्या, पत्रं, इतिवृत्तं आणि विरत चाललेली पानं मिळून तीनेक हजार होतील. स्टँडवर फोन लावून, नाव देत, तासाला ६० पानं निघतात, म्हणजे पन्नास तास. यादीचं म्हणाल तर दोन माणसांना एका फळीला दोन दिवस लागतात. दहा फळ्यांचे वीस दिवस, आठवड्यातून दोन दिवस काम केलं तर दहा आठवडे.

पुतळ्याला आमचा विरोध नाही. लोकांना हार घालायला जागा लागते. ताईंच्या नावाने स्मृती पुरस्कार द्यायचंही बोललं जातं, त्याबद्दल मात्र एक शंका नोंदवतो: १ लाखाच्या ठेवीवर ६ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ६,००० रुपये हाती येतात. पुरस्कार ५,००० चा ठेवला तर सन्मानचिन्ह, निमंत्रणपत्रिका आणि पाहुण्यांचा प्रवास १,००० मध्ये बसवायचा आहे. पहिल्या दोन वर्षी कुणीतरी खिशातून भागवतो, तिसऱ्या वर्षी पुरस्कार ‘अपरिहार्य कारणाने’ पुढे जातो. ठेव तिप्पट करा किंवा पुरस्कार दर तीन वर्षांनी द्या.

आमच्या मागण्या अशा.

तिसऱ्या ठरावाला पुढच्या सभेपर्यंत लेखी स्थगिती द्यावी, आणि तोपर्यंत दोन्ही कपाटांतलं एकही पान इमारतीबाहेर जाऊ नये. पोत्यांत भरलेल्या तीन फळ्या परत कपाटात याव्यात.

सल्ला केंद्राच्या फायली याच आठवड्यात कुलपात जाव्यात. हे सभेची वाट न पाहता सचिवांना करता येईल.

यादीसाठी दहा आठवडे खोली वापरू द्यावी. माणसं आमची, मोबदला नको. लागेल ते एक टेबल, दिव्याची सोय आणि पुतळ्याच्या मंजूर रकमेचा दहावा हिस्सा. त्यात मांजरपाट, लिफाफे, साठवणुकीच्या दोन हार्ड डिस्क आणि माइक येतो. खर्चाची व्हाउचर दरमहा खजिनदारांकडे येतील.

स्मृती समितीत ताईंच्या सहकारी मैत्रिणींपैकी किमान तिघी घ्याव्यात. सभेची वेळ त्यांना परतीची शेवटची बस मिळेल अशी ठेवावी, आणि प्रवासखर्च संस्थेने द्यावा.

फलकाचा मजकूर या तिघींनी वाचल्याशिवाय कोरायला देऊ नये. ग्रॅनाइटवरची चूक खोडता येत नाही.

यादी पूर्ण झाल्यावर कपाटं संस्थेला नकोच असतील तर कागद एखाद्या विद्यापीठाच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहाला लेखी कराराने द्यावेत. कुणाला काय पाहता येईल, प्रत काढता येईल का, संस्थेला परत हवे झाले तर काय, हे करारात असावं. तोंडी दिलेले कागद तिथेही पोत्यातच राहतात.

उत्तर पंधरा दिवसांत मिळावं ही विनंती. तोवर खोलीची पश्चिमेकडची खिडकी बंद राहील एवढं पाहावं. तिची एक काच फुटलेली आहे आणि खाली पत्रांचा गठ्ठा आहे.

आपले,
कपाटांची यादी करणारे कार्यकर्ते